पाण्यावरचा गोंद

आमच्या संशोधन विभागात तिला सगळे ‘चाळणी’ म्हणायचे. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिच्या कानावर ते कधीच गेलं होतं आणि सुरुवातीच्या वर्षांत तिला त्याचं थोडं कौतुकच वाटायचं. मी शेजारच्या रंगांच्या प्रयोगशाळेत होते. दुपारचा डबा आम्ही दोघी मिळून खायचो. त्यामुळे तिच्याबद्दल जे सांगते आहे त्यातलं निम्मं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. उरलेलं तिनेच मला सांगितलं, तेही एकदम नाही, तुटक तुटक, पुष्कळ वर्षांत.

आमची कंपनी गोंद, रंग आणि पॉलिश बनवायची. कारखाना पुढे आणि संशोधनाची इमारत मागे, रसायनांच्या कोठाराला लागून, म्हणजे काही पेटलंच तर आधी आमचा नंबर. रोजचं काम ठरलेलं असायचं. चालू मालातली खोट काढा, तो स्वस्त करा, तक्रार आली की नमुना तपासा. पण आठवड्यातला एक अर्धा दिवस प्रत्येक केमिस्टला मोकळा दिलेला होता. त्या वेळात कोणी सांगितलेलं नाही, कोणी मागितलेलं नाही असं काहीही करून बघायची मुभा होती. कागदोपत्री त्याला मोठं भारदस्त नाव होतं. आम्ही त्याला ‘हवेतलं काम’ म्हणायचो. उद्याचा माल या हवेतल्या कामातूनच निघणार, असं वरची मंडळी दरवर्षी भाषणात सांगायची. निघायचाही, पण फार थोडा. शंभर कल्पनांतल्या दोन-तीन दुकानापर्यंत पोचल्या तरी खूप. बाकीच्या कुठेतरी थांबवाव्या लागत, नाहीतर भांडी, माणसं आणि वेळ त्यातच अडकून पडे. ते थांबवण्याचं काम तिचं होतं.

ती मूळची पॉलिशची केमिस्ट. तिने स्वतः हवेतल्या कामात लाकडाचं एक पॉलिश केलं होतं. ते आधीच्या अधिकाऱ्याने कित्येक महिने दाबून ठेवलं आणि एके दिवशी नुसतं ‘बंद’ म्हणून कळवलं. का, ते नाही. ती तडक त्याच्या खोलीत गेली आणि भांडली. “नाही म्हणा, खुशाल म्हणा, पण समोर बसून म्हणा,” असं ती म्हणाल्याचं साऱ्या मजल्याने ऐकलं. तो निवृत्त झाल्यावर साहेबांनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, तिलाच त्या खुर्चीवर बसवलं.

खुर्चीवर ती फारशी बसलीच नाही. ज्याचं काम तपासायचं त्याच्या टेबलाशी स्टूल ओढून बसायची, त्याच्या हातून प्रयोग पुन्हा करवून घ्यायची, आणि मग विचारायची. तिचा एक प्रश्न ठरलेला होता. “जो माणूस हे वापरणार, तो आज काय वापरतो? आणि ते का सोडेल?” या प्रश्नावर भलेभले गार व्हायचे. एकाने वास नसलेलं फिनेल केलं होतं, अगदी उत्तम. ती म्हणाली, “वास आला नाही तर फरशी पुसली हे घरातल्यांना कळणार कसं?” दुसऱ्याने भिंतीचा असा रंग केला होता की आतून ओल आली की त्यावर निळे डाग उमटायचे. तिने विचारलं, “भिंत ओली आहे हे भाडेकरूला कळावं असं कुठल्या घरमालकाला वाटेल?” सगळे हसले, रंगवाला स्वतःही हसला, आणि काम बंद झालं. लोक तिला घाबरायचे, पण तिच्यामागे तिला शिव्या देत नसत. ती खोटं बोलत नाही, एवढं सगळ्यांना माहीत होतं.

तिचा नवरा त्याच इमारतीत, गोंदाच्या प्रयोगशाळेत. त्याला सगळे गोंद्या म्हणायचे, आणि ते तोंडावरही म्हणायचे, कारण त्याला कशाचाच राग येत नसे. उंच, थोडा वाकलेला, कामात असला की नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणणारा. लग्न झालं तेव्हा ती पॉलिशमध्ये होती आणि तो गोंदात. “चकचकीत आणि चिकट,” असं कोणीतरी म्हटलं होतं, ते बरेच दिवस चाललं. ती चाळणी झाल्यावर दोघांनी घरात एक नियम केला. ऑफिस दाराबाहेर. चपला काढल्या की कंपनीचं नाव काढायचं नाही.

पण कंपनी घरात होतीच. सासऱ्यांच्या रूपाने.

सासऱ्यांनी सारी उमर बुटांच्या एका कारखान्यात तळ चिकटवण्यात घालवली होती. हातात ब्रश, समोर सोल्युशनचा डबा. सोल्युशन म्हणजे रबराचा गोंद, पेट्रोलसारख्या एका द्रवात विरघळवलेला. तो द्रव भराभर उडून जातो, मागे चिकट थर उरतो, आणि लगेच तळ दाबून बसवता येतो. उडून जातो म्हणजे जातो कुठे? खोलीत. आणि खोलीच्या खिडक्या बंद, कारण वारा आला की धूळ बसते आणि मालक ओरडतो. वर्षानुवर्षं त्या वाफेत बसून सासऱ्यांच्या बोटांची जाणीव गेली. मग पायांची गेली. एका पायातली चप्पल रस्त्यात निसटली तरी त्यांना कळत नसे, घरी आल्यावर खाली बघायचे आणि म्हणायचे, “अरेच्चा, एकच आली.” शर्टाची बटणं लावता येत नसत. नवऱ्याला सकाळी लवकर निघावं लागे, म्हणून सासऱ्यांची बटणं ती लावायची. ते मान वर करून उभे राहायचे, लहान मुलासारखे, आणि ती खालून वरपर्यंत लावत जायची.

तो सोल्युशनचा पिवळा डबा आमच्याच कंपनीचा. कंपनीची निम्मी कमाई त्यातून यायची. मुलगा याच कंपनीत केमिस्ट झाला याचा सासऱ्यांना केवढा अभिमान! पाहुण्यांना सांगायचे, “डबा आपलाच आहे.”

गोंद्याने आपला मोकळा अर्धा दिवस पहिल्यापासून एकाच कामाला दिला होता. पाण्यावरचा गोंद. तो द्रव काढून टाकायचा, त्याच्या जागी पाणी घालायचं. वाफ नाही, वास नाही, आग नाही. दुःख एकच, पाणी उडता उडत नाही. सोल्युशन दोन-चार मिनिटांत तयार होतं. गोंद्याचा पहिला गोंद दोन तासांनीही ओलाच होता. पुढच्या काही वर्षांत त्याने तो तासावर आणला, मग चाळीस मिनिटांवर. तिथे गाडी अडली. मग एके दिवशी त्याच्या लक्षात आलं की गोंद ओला असताना चिकटवायची गरजच नाही. थर आधी वाळू द्यायचा, कितीही वेळ लागो, गठ्ठाभर तळ सकाळीच लावून ठेवायचे. मग चिकटवायच्या वेळी क्षणभर तापवायचा, की वाळलेला थर जागा होतो आणि धरतो. त्यासाठी दिव्यांची एक पेटी लागणार होती. त्याने ती टेबलावर पत्र्याची केलीही होती. कधी गोंद जळायचा, कधी जागाच व्हायचा नाही. पण दहातले तीन-चार तळ असे बसायचे की पकडीने ओढले तरी चामडं फाटावं, जोड सुटू नये.

आणि नेमकं तेव्हाच त्याचं काम तपासणीला आलं.

ती साहेबांकडे गेली. म्हणाली, “हे दुसऱ्या कोणाकडे द्या. माझ्या नवऱ्याचं काम मी कसं तपासू?”

साहेबांनी चष्मा काढला. “का हो? तुम्ही त्याला झुकतं माप द्याल?”

“मुळीच नाही.”

“मग प्रश्नच मिटला. तुमच्याइतकं सरळ या इमारतीत दुसरं कोण आहे? मला दाखवा, त्याच्याकडे देतो.”

हे ऐकून तिला बरं वाटलं होतं. हे तिने मला स्वतः सांगितलं. खोलीतून बाहेर पडताना तिची मान ताठ झाली होती म्हणे.

तपासणीच्या दिवशी सकाळी तो पाण्याची बाटली भरत होता. पाठमोराच म्हणाला, “दिवे आणि गोंद एकमेकांशी जुळवायला मला सहा महिने लागतील. हे मी तुला घरात सांगत नाहीये हं. तिथेही हेच सांगणार आहे.”

“मग तिथेच सांग,” ती म्हणाली.

मी त्या वेळी त्याच्या प्रयोगशाळेत नमुने न्यायला गेले होते, म्हणून मला ते पाहायला मिळालं. ती नेहमीसारखी स्टूल ओढून बसली. त्याने तीन तळ चिकटवून दाखवले. एक पक्का बसला, दोन सुटले. तिने सुटलेले हातात घेऊन उलटसुलट पाहिले.

“जो माणूस हे वापरणार, तो आज सोल्युशन वापरतो,” ती म्हणाली. “ते का सोडेल?”

“हात जातात म्हणून.”

“हात जायला वीस वर्षं लागतात. मजुरी आज संध्याकाळी लागते. त्याला जोडामागे पैसे मिळतात. तुझ्या गोंदाने त्याचे जोड कमी होतील.”

“पेटी जुळली की नाही होणार.”

“पेटी कोण घेणार? कामगार?”

“मालक घेईल.”

“का घेईल? हात त्याचे जात नाहीत.”

त्याने पेटीचे दिवे विझवले. तिथे आम्ही चार-पाच जण होतो, सगळ्यांनी उगाच हाताशी असलेलं काहीतरी पुसायला घेतलं. मग तो हळूच म्हणाला, “सहा महिने दे. नाही झालं तर मीच बंद करेन.”

“सहा महिन्यांनी पेटी जुळेल. माझा प्रश्न तसाच राहील,” ती म्हणाली आणि उठली.

बंद.

त्याच दुपारी तिने आमच्या प्रयोगशाळेतल्या एकाला सहा महिने वाढवून दिले. तो छतासाठी उन्हाने न तापणारा पांढरा रंग करत होता आणि त्याच्याकडे धड तीन निकालही नव्हते. पुढे त्यातून काहीच आलं नाही. मी एकदा तिला विचारलं, “अगं, त्याला दिलेस, मग नवऱ्याला का नाही?” ती म्हणाली, “तो माझा कोणी लागत नव्हता.”

घरी सासऱ्यांनी विचारलं, “काय झालं रे तुझ्या गोंदाचं?”

“बंद केलं, बाबा.”

“कोणी?”

“ऑफिसने.”

तिला वाटलं असतं तर ती गप्प राहू शकली असती. नियमही होताच, दाराबाहेरचा. पण खोटं बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं, आणि गप्प बसणं तिला खोटंच वाटलं. “मी केलं, बाबा,” ती म्हणाली. “अजून तो तयार नव्हता.”

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “बरोबर असेल तुझं. तू शिकलेली आहेस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बटणं लावायला गेली तर त्यांनी पाऊल मागे घेतलं. “राहू दे. लावतो मी.” ती दारात उभी राहून पाहत होती. बोटं काजावर जायची, घसरायची, बटण कुठे आहे ते सासरे डोळ्यांनी शोधायचे, बोटं पुन्हा घसरायची. शेवटी शर्ट तसाच उघडा टाकून ते खिडकीशी जाऊन बसले. त्यानंतर नवरा कामावर निघण्याआधी त्यांना उठवून त्यांची बटणं लावून जाऊ लागला. म्हातारा माणूस पहाटेच कपडे करून बसायचा. तिने पुन्हा हात पुढे केला नाही आणि त्यांनीही पुन्हा मान वर केली नाही.

इकडे साहेबांनी गोंद्याची बदली केली, तक्रार विभागात. पिवळ्या डब्याबद्दलच्या तक्रारी घेऊन तो कारखान्या-कारखान्यांत जायचा, खिडक्या उघड्या ठेवा, पंखा लावा, असं मालकांना सांगायचा, आणि मालक त्याला चहा पाजून परत पाठवायचे. त्याचा मोकळा अर्धा दिवस तसाच होता. त्या वेळात तो वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायचा. गुणगुणणं थांबलं होतं. मी म्हटलं, “अहो, नवीन काही करत का नाही?” तर हसून म्हणाला, “हवेतलं काम सोडलं मी. आता जमिनीवरचं.”

दोन-तीन वर्षांनी सासरे गेले. थंडीचे दिवस होते, पाय शेकायला म्हणून त्यांनी घमेल्यात गरम पाणी घेतलं आणि पाय आत ठेवून वाचत बसले. पाणी उकळतं होतं. त्यांना कळलंच नाही. ती स्वयंपाकघरातून आली तेव्हा घोट्यापर्यंत कातडी सोललेली होती आणि ते चष्मा नाकावर ठेवून शांतपणे पान उलटत होते. जखमा चिघळल्या, हॉस्पिटलात महिनाभर पडून होते, मग गेले. भेटायला आलेले म्हणत होते, वय झालं होतं. नवरा सगळ्यांना “हो, हो” म्हणत होता. तिच्याशी तो नीट बोलायचा, भाजी काय आणू विचारायचा, गॅसचा नंबर लाव म्हणायचा. भांडला कधीच नाही. “भांडला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं गं,” ती मला म्हणायची.

ती मात्र चाळत राहिली. आता तिची चाळण आणखी बारीक झाली होती. नवऱ्याला सोडलं नाही ती आपल्याला काय सोडणार, असं नवे केमिस्ट म्हणायचे, आणि ते तिच्या पथ्यावर पडतंय असं साहेबांना वाटायचं. साहेब मधल्या काळात संचालक झाले होते.

मग बाजारात तो गोंद आला.

एका लहानशा कंपनीने आणला, जिचं नावही आम्ही ऐकलेलं नव्हतं. पाण्यावरचा गोंद, थर वाळू द्यायचा, दिव्यांच्या पेटीत तापवायचा, दाबायचा. अगदी तोच. आणि पेटी मालकाने विकत घ्यायचीच नव्हती. पेटी ते फुकट बसवून द्यायचे, अट एवढीच की गोंद वर्षभर त्यांच्याकडूनच घ्यायचा. वरून त्याच सुमाराला सरकारने कारखान्यांतल्या वाफेवर नियम आणला. पिवळ्या डब्याचे ढीग गोदामात साचायला लागले.

ही बातमी आली त्या दुपारी तिने जेवणाचा डबा उघडलाच नाही. “पेटी फुकट,” ती म्हणाली. “एवढं साधं. मी त्याला विचारलं, पेटी कोण घेणार. तो केमिस्ट होता गं. त्याने ते का सांगावं? हे शोधायचं काम कोणाचं होतं? माझं. माझ्याच प्रश्नाचं उत्तर मी त्याच्याकडे मागत होते, आणि त्याला येत नाही म्हणून त्याला नापास केलं.”

तातडीची बैठक झाली. मोठ्या टेबलाभोवती आम्ही सगळे, तक्रार विभागातून गोंद्यालाही बोलावलेलं. साहेबांनी ती नवी बाटली मध्ये ठेवली. “हे आपल्याकडे बारा वर्षांपूर्वी होतं असं मला कळतं,” ते म्हणाले. “कोणी बंद केलं?”

जणू त्यांना ठाऊकच नव्हतं. ती उभी राहिली. “मी.”

“हं. आम्ही तुमच्या निर्णयावर विश्वास ठेवला होता.” मग गोंद्याकडे वळून, “सहा महिने मिळाले असते तर झालं असतं का हे तुमच्याकडून?”

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. तो बाटलीकडे बघत होता. “सांगता येत नाही,” म्हणाला. “झालं असतं, नसतंही झालं.” तिची बाजू घेतली असं वाटावं, आणि नाही घेतली असंही. ती खाली बसली.

बैठकीनंतर साहेबांनी तिला खोलीत बोलावलं. तिला वाटलं, आता राजीनामा मागतील. त्यांनी चहा मागवला.

“मनाला लावून घेऊ नका,” साहेब म्हणाले. “सगळ्यांपुढे विचारावं लागतं. तसं म्हटलं तर तेव्हा तो गोंद बंदच करायचा होता. पिवळ्या डब्यावर कंपनी उभी होती हो! आपल्याच पायावर आपण धोंडा मारायचा का? तुम्ही नसता केलात तर मी केला असता.”

तिला आधी नीट कळलंच नाही. “मग माझ्याकडे का दिला?”

“तुमच्याकडून झालं ते बरं झालं. दुसऱ्या कोणी केला असता तर तुमच्या नवऱ्याने वर अर्ज केले असते, आरडाओरडा केला असता. बायकोनेच नाही म्हटल्यावर कोणाकडे जाणार?”

“आणि मी तिथे बसून प्रश्न विचारत होते ते?”

“प्रश्न चांगले होते तुमचे,” साहेब म्हणाले. “चहा घ्या, गार होतोय.”

ती घरी आली तेव्हा नवरा बेसिनखाली बसून गळता नळ काढत होता. नियम मोडून तिने तिथेच उभं राहून त्याला सगळं सांगितलं. साहेबांचा शब्द न् शब्द. बोलता बोलता तिचा आवाज चढला, कारण इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या छातीवरचं ओझं थोडं हललं होतं. आपण वापरलो गेलो, आपल्या हाताने दुसऱ्याने केलं, हे त्याला कळलं की काहीतरी सुटेल असं तिला वाटत होतं.

त्याने पाना खाली ठेवला. “मला माहीत होतं,” म्हणाला.

“काय माहीत होतं?”

“हेच. त्याच आठवड्यात साहेबांनी मला सांगितलं होतं. बदलीचं सांगायला बोलावलं तेव्हा. म्हणाले, बायकोवर राग धरू नकोस, ते होणारच नव्हतं.”

“बारा वर्षं तुला माहीत आहे?”

“हो.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

तो हात पुसत बसला. एकेक बोट पुसलं. “सांगितलं असतं तर तू सुटली असतीस,” म्हणाला. “मला तेव्हा ते नको होतं. तू दिलेस का सहा महिने? साहेबांचं तुला काय माहीत होतं? तुझ्याकडून तू बंदच केलं होतंस.” फडकं बाजूला ठेवून म्हणाला, “बाबा होते तोवर तरी सांगायला हवं होतं. रोज बटणं लावताना मनात यायचं. मग ते गेले, मग राहूनच गेलं.”

“बाबांना वाटत होतं की मीच...”

“हो.”

नळ दुसऱ्या दिवशी प्लंबर येऊन लावून गेला.

यानंतर ती नोकरी सोडेल असं मला वाटलं होतं. तिने नोकरी सोडली नाही, खुर्ची सोडली. पुन्हा पॉलिशच्या प्रयोगशाळेत साधी केमिस्ट म्हणून बसली, आपल्या अर्ध्या वयाच्या मुलींच्या शेजारी. बाटल्या धुवायची, नमुने तपासायची. मोकळ्या अर्ध्या दिवसात तीही काही करत नसे. पुढे कंपनीने हवेतलं कामच बंद करून टाकलं. तयार माल दुसऱ्याकडून परवान्यावर घेतलेला परवडतो, असं ठरलं. पिवळा डबा थांबला आणि त्या लहान कंपनीचा गोंद आम्ही आमच्या नावाच्या बाटलीत भरून विकायला लागलो. दिव्यांच्या पेट्या कारखान्यांत बसवून देण्याचं काम कोणाला मिळालं असेल? गोंद्याला. त्याने ते चोख केलं. पेटी दोन दिवसांत समजून घेतली. समजून घेण्यासारखं त्यात त्याला काही नव्हतंच.

घर एकच राहिलं. मी कधी गेले तर दोघं माझ्याशी भरपूर बोलतात, एकमेकांशी बेताने. “याला विचार, पंखा कमी करू का,” ती मला म्हणते, तो समोरच बसलेला असताना. मी एकदा वैतागून म्हटलं, “अगं, वेगळे तरी राहा.” ती म्हणाली, “वेगळं राहून काय? इथे निदान दोघांनाही सगळं माहीत आहे. बाहेर कोणाला पहिल्यापासून सांगत बसू?”

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी तो तिला म्हणाला, “येतेस का? एका कारखान्यात शेवटची पेटी बसवली आहे, नीट चालते का ते बघायला जायचंय.” का म्हणाला कोणास ठाऊक. ती गेली. लांबट खोली, टेबलांच्या दोन ओळी, तळांचे ढीग, सगळ्या खिडक्या सताड उघड्या. गोंदाचा वास शून्य. मध्ये दिव्यांची पेटी, आत लालसर उजेड, एकेक तळ सरकत आत जायचा आणि बाहेर येऊन बसायचा, पक्का. ती बघतच राहिली. चाळीशीतला एक कामगार जवळच बसला होता. तिने त्याला विचारलं, “काय हो, आता बरं वाटतं का? वाफ नाही, वास नाही.”

कामगाराने घाम पुसला. “कसलं बरं, बाई,” म्हणाला. “या दिव्यांनी जीव नकोसा होतो. जुनंच सोल्युशन झकास होतं. दिवसभर लावलं की संध्याकाळी डोकं कसं हलकं व्हायचं, न पिता मजा. आता घरी जातो तो तसाच ठणठणीत, आणि बायकोची कटकट सगळी ऐकू येते.”

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने तिच्याकडे. आणि दोघांनाही एकदम हसू फुटलं. खदखदून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तो कामगार गोंधळून पाहतच राहिला. कितीतरी वर्षांनी असे हसलो, ती मला सांगत होती.

“मग?” मी विचारलं.

“मग काय. आधी तो थांबला. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. तर तो त्या कामगाराला दिवे कमी करायचं बटण कुठे आहे ते दाखवायला लागला.”